केबिनमधला हिवाळा

दिल्लीत मालाचा मोठा ट्रक दिवसाउजेडी शिरत नाही. दिवसभर नो एन्ट्री. नाकी त्याच्यासाठी रात्री उशिरा उघडतात आणि शहर जागं व्हायच्या आत माल उतरवून त्याला बाहेर पडावं लागतं. म्हणजे जानेवारीतल्या दिल्लीचा जो सगळ्यात वाईट प्रहर, तोच नेमका ट्रक ड्रायव्हरच्या वाट्याला येतो. सफदरजंगच्या वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ ला पारा उणे ०.६ अंशांवर उतरला होता. ८ जानेवारी २००६ ला तो ०.२ वर होता, १ जानेवारी २०२१ ला १.१ वर. ३० डिसेंबर २०१९ ला तर दिवसाचं कमाल तापमानच ९.४ अंश होतं. हे आकडे शहराच्या मधले. सिंघू, कुंडली, टिकरी या नाक्यांवर दोन्ही बाजूंना उघडी शेतं, वरून धुकं. तिथे रांगेत उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्याला हात लावला तर बोटं चिकटल्यासारखी वाटतात.

मी मूळचा चिंचवडचा. पुण्याजवळच्या एका ट्रक कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो, पुढे सर्व्हिस विभागात गेलो आणि १९८६ च्या हिवाळ्यात दिल्लीला बदली झाली. इथेच निवृत्त झालो, इथेच राहिलो. संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर, आझादपूर, जीटी करनाल रोड, फरिदाबादच्या गल्ल्या, गाझियाबादचे ट्रक अड्डे हा माझा पट्टा. या पट्ट्यात दर डिसेंबरला एक तक्रार हमखास येते: “साहब, हीटर चल तो रहा है, पर गरमी नहीं दे रहा.” नव्या मुलांना वाटतं की एखादा पार्ट बदलला की काम झालं. कधी कधी होतंही. पण हा हीटर गरम का होत नाही याचं पूर्ण उत्तर द्यायचं तर सत्तर-पंचाहत्तर वर्षं मागे जावं लागतं, कारण आपल्याकडे ट्रक ज्या रीतीने बनला, विकला आणि वापरला गेला, त्यातच हे उत्तर आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या शेवर्ले, फोर्ड, डॉज गाड्या लिलावात निघाल्या. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या अनेक कुटुंबांनी त्या घेतल्या आणि मालवाहतूक सुरू केली. उत्तर हिंदुस्थानातल्या ट्रक धंद्याची एक मोठी फांदी तिथून फुटली. मग १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले. मद्रासकडे अशोक लेलँड होतंच. कारखान्यातून बाहेर पडायची ती चॅसी: दोन लांब तुळया, इंजिन, गिअरबॉक्स, धुरे, चाकं, फार तर पुढचा काउल म्हणजे दर्शनी पत्रा. ड्रायव्हर जिथे बसणार ती केबिन त्यात नसे. कारखान्यातून चॅसी चालवत न्यायची ती उघड्यावर, एका तात्पुरत्या आसनावर बसून. डोळ्यांवर गॉगल, डोक्याला मफलर, अंगावर सापडतील तेवढे कपडे. मी दिल्लीत आलो तेव्हाही अशा उघड्या चॅसींची रांग हायवेवर दिसत असे, आणि जानेवारीत त्यांवर बसलेल्या माणसांकडे बघवत नसे.

केबिन बांधायचे सुतार. उत्तरेत सरहिंदच्या कारागिरांचं नाव मोठं, पण लहान कारखाने सगळीकडे होते. लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा, आतून रेक्झिन, आरशाभोवती नक्षी, गुरूचा किंवा देवीचा फोटो. फार देखणं काम असायचं ते. त्या कारागिरांच्या हाताबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण दार हे लाकडाच्या चौकटीत बसवलेलं. वर्षभराच्या धक्क्यांनी फटी पडत. खिडकीच्या काचेला रबर नावापुरतं. फळ्यांच्या जमिनीत क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या दांड्यांसाठी भोकं. दांडी हलायला जागा हवी म्हणून ती ऐसपैस. साठच्या वेगाने गाडी चालली की त्या भोकांतून वाऱ्याच्या तीन धारा थेट पोटऱ्यांवर येत. जुन्या ड्रायव्हरांच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं डॉक्टरांना सांगा, ते वय सांगतील. मी ती भोकं पाहिली आहेत.

अशा केबिनला हीटर बसवण्यात काही अर्थच नव्हता. थंड देशांत १९३० च्या दशकापासून इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारे हीटर गाड्यांमध्ये येत गेले. तत्त्व सोपं आहे. डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश चाकं फिरवायला लागते, तेवढीच धुराबरोबर जाते आणि उरलेली बरीचशी इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. ते पाणी रेडिएटरकडे, म्हणजे इथल्या भाषेत जाळीकडे जातं आणि उष्णता हवेत सोडून देतं. त्यातलं थोडं पाणी एका लहान जाळीतून वळवून आणायचं, मागे पंखा लावायचा, गरम हवा आत. फुकटची ऊब. पण केबिन ज्या कारखान्याची नाही त्याने हीटर का द्यावा, आणि ज्या सुताराने केबिन बांधली त्याला पाण्याच्या होज पाइपशी काय देणंघेणं? इंजिन एकाचं, केबिन दुसऱ्याची, आणि मधे बसलेल्या माणसाचं अंग कुणाच्याच यादीत नव्हतं.

इथे एका मराठी माणसाचं नाव घ्यायला हवं. सुमंत मुळगावकर, १९०६ चा जन्म, टेल्को ज्यांनी घडवली ते. पुण्याचा कारखाना, तिथला संशोधन विभाग ही त्यांची कामं. त्यांच्याबद्दल या धंद्यात एक गोष्ट फार वर्षांपासून सांगितली जाते: दुपारच्या जेवणाच्या वेळी ते गाडी काढून निघून जात आणि हायवेवरच्या ढाब्यावर ड्रायव्हरांबरोबर बसून जेवत, गाडीत काय खटकतं ते विचारत. १९९४ च्या सुमो गाडीत त्यांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ढाब्याची गोष्ट त्याहून मोलाची आहे. शिकाऊ असताना आम्हाला ती ऐकायला मिळाली आणि मी ती मनावर घेतली. ड्रायव्हरला विचारल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही, ही सवय तिथून लागली.

ड्रायव्हरला विचारलं तर कळायचं की जुन्या गाडीत थंडीवर त्याचा स्वतःचा इलाज होता. १२१० एसई सारख्या गाडीत इंजिनचा निम्मा भाग केबिनमध्ये घुसलेला असे. त्यावरचं झाकण, ज्याला सगळे बॉनेटच म्हणत, ते ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध. मे महिन्यात तो निखारा. डावा पाय भाजून निघायचा. जानेवारीत मात्र त्याच्यासारखं सुख नाही. झाकणावर गोधडी, गोधडीवर क्लीनर झोपलेला, कडेला कपड्यात गुंडाळलेल्या पराठ्यांचा डबा गरम राहायला ठेवलेला. उस्तादजी, म्हणजे ड्रायव्हर, झाकणाची एक खिटी सैल करून ठेवायचे, म्हणजे फटीतून गरम हवा पायाकडे येई. डिझेलचा वासही येई. तोंड, नाक, कपडे सगळ्याला तो वास, पण पाय गरम. बाहेर जाळीसमोर गोणपाट बांधलेलं असे, थंड वारा आत जाऊन इंजिन गार पडू नये म्हणून. ते गोणपाट अर्धं बांधायचं की पूर्ण, कर्नालपर्यंत अर्धं आणि पुढे अंबाल्याला पूर्ण, असा त्यांचा हिशोब असायचा, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असायचा.

उरलेली थंडी कपड्यांवर निभवायची. आझाद मार्केटमध्ये ताडपत्री आणि सैन्याच्या डिस्पोजलचा माल मिळतो, आजही. मालावर टाकायची ताडपत्री आणि स्वतःच्या अंगावर घालायचा फौजी कोट एकाच गल्लीत घेतला जाई. ब्लँकेट पानिपतचं. जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे तिथे फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं विणतात. जीटी रोडवरून जाताना मराठी माणसाला पानिपत हे नाव वाचून दुसरंच काही आठवतं. १४ जानेवारी १७६१ ची लढाई. संक्रांतीचे दिवस. अडीच महिने पुरेशा अन्नावाचून, उत्तरेच्या थंडीला लागतील तेवढ्या कपड्यांवाचून तळ ठोकून बसलेली दख्खनची माणसं. त्या रस्त्यावर मी कितीतरी वेळा रात्री गाडी बघायला गेलो आहे आणि दर वेळी ती माणसं मनात आली आहेत.

आणि शेगडी. लोखंडी टोपल्यात कोळसा पेटवायचा, लाल झाला की केबिनमध्ये घ्यायचा, काचा बंद करून झोपायचं. दर हिवाळ्यात दिल्लीच्या वर्तमानपत्रांत बंद खोलीत शेगडीजवळ झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत अशी बातमी असते. केबिन ही खोलीपेक्षा कितीतरी लहान. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनची जागा तो घेतो, गुंगी येते आणि झोप लागल्यासारखं वाटतं. जुन्या लाकडी केबिनच्या फटींनी अनेकांना नकळत वाचवलं असेल असं मला वाटतं. पुढे केबिन घट्ट झाल्या, शेगडी मात्र तीच राहिली. ट्रान्सपोर्ट नगरात माझ्या ओळखीचा एक क्लीनर असा गेला. एकोणीस वर्षांचा, बिजनौरकडचा. त्याच्यानंतर मी जिथे शेगडी दिसेल तिथे दार ठोठावून ती बाहेर काढायला लावतो. शिव्या खाल्ल्या आहेत, पण काढायला लावली आहे.

केबिन घट्ट कशी झाली ते थोडक्यात सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्यांशी करार करून लहान ट्रक आले. त्यातला डीसीएम टोयोटाचा कारखाना इथेच सूरजपूरला होता, आजच्या ग्रेटर नोएडात. त्यांची केबिन कारखान्यात दाबलेल्या पत्र्याची. मोठ्या गाड्यांत अशोक लेलँडची कार्गो आली, आणि १९९८ पासून व्होल्वो बंगळुरूजवळच्या होसकोट्याला एफएच १२ बनवू लागली. पुढे कललेली, अख्खी उचलता येणारी केबिन हळूहळू रूढ झाली. केबिन आणि बॉडी कशी असावी याची एआयएस-०९३ ही संहिताही आली. इंजिन केबिनच्या बाहेर, खाली गेलं. मधे इन्शुलेशनचा थर आला. ड्रायव्हरच्या पायाची भाजणी थांबली, आवाज कमी झाला. हे सगळं चांगलंच झालं. पण त्याच वेळी त्याची पिढ्यानपिढ्यांची ऊबही गेली, आणि तिच्या जागी डॅशबोर्डमध्ये एक हीटर आला, ज्याची निगा राखायला कुणीच शिकलेलं नव्हतं.

कारण तोवर मेकॅनिकांच्या हातांना दुसरीच सवय जडली होती. तिचं मूळ उन्हाळ्यात आहे.

इंजिनमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो. इथे त्याला वॉल म्हणतात. आत मेणाची गोळी. पाणी ऐंशीच्या आसपास अंशांपर्यंत तापलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. तोवर ते इंजिनमध्येच फिरतं, लवकर तापतं. आता १९७०-८० चा ट्रक घ्या. परवान्यापेक्षा दीडपट माल, मे महिना, राजस्थानची सडक, रेडिएटर मातीने भरलेला, पंख्याचा पट्टा ढिला. पाणी उकळतं. ढाब्याजवळचा मिस्त्री काय करणार? रेडिएटर धुवायला वेळ नाही, पंप बदलायला पार्ट नाही. तो वरचा होज काढतो, दोन बोल्ट खोलतो, वॉल काढून फेकतो. पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, गाडी घरी पोचते. त्या क्षणी तो इलाज खोटा नव्हता, म्हणूनच तो टिकला. उस्तादाकडून शागिर्दाकडे गेला. नवी गाडी आली तरी पहिल्या सर्व्हिसलाच “वाल निकाल दे” असं मालकच सांगू लागले.

त्याची किंमत हिवाळ्यात मोजावी लागे, पण दिसत नसे. वॉल नसलेलं इंजिन डिसेंबरच्या रात्री कधीच पुरतं तापत नाही. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, ते लायनर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं, पिस्टनच्या रिंगा झिजतात, गाडी जास्त डिझेल खाते. आणि काही इंजिनांमध्ये तर वॉल काढल्यावर बायपासची वाट कायमची उघडी राहते, त्यामुळे थोडं पाणी रेडिएटरला टाळूनच फिरतं आणि भर उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते. हे मी किती गॅरेजांत खडूने जमिनीवर आकृती काढून समजावलं असेल. समोरचा मान हलवायचा आणि मी वळलो की वॉल काढायचा. त्याचा मला राग येत नसे. त्याच्या पाठीशी रस्त्यात अडकलेल्या शेकडो गाड्यांचा अनुभव होता, माझ्याजवळ आकृती.

दुसरी सवय पाण्याची. फरिदाबाद, गुडगाव, बहादूरगडकडे बोअरचं पाणी जड. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं तेच ओतलं गेलं. कूलंट म्हणजे चैन, असा समज. रेडिएटरच्या नळ्या थोड्या रुंद, तिथे क्षार बसायला वेळ लागतो. हीटरची जाळी लहान, नळ्या काडीएवढ्या. ती आधी भरते. एकदा मी अशी जाळी कापून पाहिली होती. आपल्याकडच्या जुन्या तांब्याच्या बंबाच्या तळाशी जसा पांढरा खडबडीत थर साचतो, तसाच थर नळ्यांच्या आत होता आणि मधून सुई जाईल एवढीच वाट उरली होती.

आता एक गाडी सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं येतं ते कळेल. निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. जानेवारी, आझादपूर मंडीच्या बाहेर. मंडीत डिसेंबर-जानेवारीत विदर्भातून संत्री येतात. वरूडहून आलेला एक बहुचाकी ट्रक, ड्रायव्हर पन्नाशीचा, कानाला गमछा. मी मराठी आहे हे कुणीतरी सांगितल्यामुळे शोधत आला.

“साहेब, हीटर त चालू हाये. पंखा बी फिरते. पन हवा काई गरम येऊन नाई राह्यली. ग्वाल्हेरपासून पाय बधिर झाले पहा.”

“भाऊ, काटा कुठवर चढतो? पाण्याच्या तापमानाचा.”

“काटा त अर्ध्याच्या खालीच राह्यते. गाडी लय थंडी चालते. मालक खूश हाये.”

गाडी थंड चालते म्हणून मालक खूश. तिथेच अर्धा उलगडा झाला. तरी क्रम सोडायचा नाही. इंजिन चालू ठेवून आधी कूलंटची पातळी पाहिली; टाकीत खालच्या खुणेच्याही खाली, आणि रंग हिरवा नव्हे, गंजाचा. मग हीटरला जाणारे दोन होज शोधले. हे दोन होज म्हणजे या कामातली नाडी. दोन्ही हातात धरायचे. दोन्ही चांगले गरम असतील आणि तरी हवा थंड असेल तर दोष केबिनमध्ये: फ्लॅपची केबल तुटली, केबिनचा फिल्टर धुळीने बसला, पंखा मंद झाला. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर पाणी हीटरच्या जाळीतून जात नाही: जाळी क्षाराने भरली, किंवा हीटरच्या पाण्याचा कॉक बंद, किंवा वर हवा अडकली. दोन्ही कोमट असतील तर मुळात इंजिनच तापत नाही. इथे मात्र होज सापडेनातच. कंदील धरून पाहिलं, म्हणजे मोबाइलचा दिवा, तर इंजिनमधून निघणारा होज हीटरकडे न जाता वळवून परत इंजिनलाच जोडलेला. हीटर वाटेतून काढूनच टाकलेला.

“हे कुणी केलं?”

“नागपूरले केलं साहेब, मे महिन्यात. केबिनमंदी लय गरम हवा येत होती. कॉक लीक होता, त मिस्त्रीनं पाइपच फिरवून देल्ला.”

नागपूरचा मे म्हणजे पंचेचाळीसच्या वरचं ऊन. त्या मिस्त्रीने त्या माणसाचे हाल ओळखूनच ते केलं होतं. कॉक शंभर-दोनशेचा पार्ट, पण तो मिळेतो थांबायला कुणाला सवड? विदर्भातल्या उन्हाळ्याचा इलाज दिल्लीच्या हिवाळ्यात येऊन उभा राहिला, एवढंच. पुढे वरचा होज काढून थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत गॅस्केट होतं, त्यावर सिलंट लावलेलं होतं, सगळं व्यवस्थित होतं आणि वॉल नव्हता.

कश्मीरी गेटचा मोटार पार्टचा बाजार सकाळी उघडला तेव्हा क्लीनरला पाठवून वॉल, कॉक आणि कूलंट आणवलं. हीटरची जाळी उलट्या दिशेने पाणी सोडून धुतली. आधी तांबडं, मग पांढरट, मग स्वच्छ पाणी आलं. होज पुन्हा जोडले. कूलंट भरताना घाई करायची नाही. हीटरची जाळी इंजिनपेक्षा उंचावर असते, हवा तिथेच जाऊन बसते आणि नवं सामान टाकूनही हवा थंडच येते. मग मेकॅनिक पार्टला दोष देतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, इंजिन थोडं वाढवून, वरच्या स्क्रूतून हवेचे बुडबुडे संपेपर्यंत थांबलो. काटा चढत गेला, मधोमध येऊन स्थिर राहिला. थोड्या वेळाने भाऊंनी पायातले बूट काढले आणि पाय हवेच्या तोंडाशी धरून बसले. त्यांनी मला संत्र्यांची पिशवी दिली आणि विचारलं, “पन साहेब, मे महिन्यात काय करू?” मी नवा कॉक दाखवला. उन्हाळ्यात तो बंद करायचा, ऑक्टोबरात उघडायचा. वॉलला हात लावायचा नाही. गाडी तापली तर रेडिएटर धुवायचा, पट्टा पाहायचा, पंख्याचा क्लच पाहायचा.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांनी वॉल काढायच्या सवयीवर जे काम केलं ते माझ्या खडूच्या आकृत्यांना जमलं नव्हतं. दिल्लीत तर बीएस-६ इंधन २०१८ पासूनच आलं. या गाड्यांत धूर शुद्ध करणारी जी यंत्रणा आहे तिला उष्णता लागते. धूर साधारण दोनशे अंशांवर गेल्याशिवाय युरियाचं द्रावण नीट काम करत नाही, आणि काजळीच्या फिल्टरला साठलेली काजळी जाळून साफ व्हायला त्याहून जास्त उष्णता लागते. इंजिन थंड राहिलं की कॉम्प्युटर ते ओळखतो, दिवा लावतो आणि शेवटी गाडीची ताकद कमी करतो. ज्या मालकांनी ड्रायव्हरच्या पायांसाठी वॉल बसवला नाही, त्यांनी तो चढावर रखडणाऱ्या गाडीसाठी बसवला. कारण कुठलंही असो, हीटर गरम झाले.

तरीही रात्र उरतेच. २०१७ पासून दिल्लीत प्रदूषणाच्या पातळीनुसार निर्बंध लागू होतात. हवा फार बिघडली की गरजेचा माल नेणारे सोडून बरेच ट्रक नाक्यावर थांबवतात. हवा बिघडते नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे ऐन थंडीत. २०१८ मध्ये पूर्व आणि पश्चिम बाजूंचे बाह्य द्रुतगती मार्ग पूर्ण झाले, त्यामुळे नुसत्या पुढे जाणाऱ्या गाड्या शहराला वळसा घालतात, पण दिल्लीतच उतरायचा माल असेल त्याने थांबायचं. थांबलेल्या गाडीत हीटर चालवायचा तर इंजिन चालू हवं. निवांत चालणाऱ्या डिझेल इंजिनमध्ये उष्णता मुळात थोडी, आणि मोठा ट्रक तासाला दोन-तीन लिटर डिझेल पितो. मालकाने फेरीसाठी डिझेल मोजून दिलेलं असतं. जास्त लागलं तर ड्रायव्हरच्या खिशातून. म्हणून तो इंजिन बंद करतो, आणि मग शेगडी आत येते. युरोपात गाडी बंद असताना थोड्याशा डिझेलवर चालणारे, धूर वेगळ्या नळीने बाहेर सोडणारे छोटे हीटर ट्रकांना लावतात. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रकवर मला ते दिसलेले नाहीत.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या आणि मध्यम ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. अधिसूचना डिसेंबर २०२३ ची. नितीन गडकरींनी हा विषय लावून धरला तेव्हा त्यांनी त्रेचाळीस-सत्तेचाळीस अंशांत गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरची अवस्था सांगितली होती. नागपूरच्या माणसाला उन्हाळा आधी आठवावा हे साहजिक आहे, आणि नियम योग्यच आहे. मी त्याची तीस वर्षं वाट पाहिली. चर्चा मात्र सगळी गार हवेची झाली. थांबलेल्या गाडीतल्या रात्रीबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

सोनिपतच्या बाजूचे एक गाडीमालक आहेत, स्वतः पूर्वी ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर मी त्यांच्या गाड्या ऑक्टोबरात एकदा पाहून देतो: कूलंट, वॉल, कॉक, होज, फिल्टर. मागच्या खेपेला त्यांच्या मुनीमाने फेरीचा हिशोब माझ्यासमोर उघडला होता. टोल, पोलीस, ढाबा, पंक्चर, हमाली, आणि खाली शाईने वाढवलेला नवा रकाना: डिसेंबर-जानेवारीत नाक्यावर थांबलेल्या प्रत्येक रात्रीचं, इंजिन चालू ठेवायचं डिझेल, मालकाच्या खात्यावर. मी त्यांना म्हटलं, या पैशात दोन हिवाळ्यांत बंद गाडीत चालणारा हीटर येईल. त्यांनी मुनीमाला भाव काढायला सांगितलं आहे.